घासलेला नंबर

कचेरीच्या अंगणात मदतनीस पाठीवर झोपून व्हॅनखाली सरकला, तेव्हा त्याच्या कानावर पेन्सिल होती आणि हातात पातळ कागदाची पट्टी. जुनी गाडी नव्या मालकाच्या नावावर करायची तर हे केल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, कारखान्यात एक नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, की आकडे आपोआप उमटतात. मग ते जुन्या कागदपत्रांशी ताडून बघतात. दोन मिनिटांचं काम, असं कागद करून देणारा एजंट म्हणाला होता.

गाडीची नवी मालकीण कागदपत्रांची पिशवी पोटाशी धरून उभी होती. गाडीखालून पेन्सिलीचा खसखस आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मागच्या रांगेतला एक रिक्षावाला कंटाळून म्हणाला की आत झोपला का काय हा. अखेर मदतनीस बाहेर आला. त्याच्या हातातली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी काळी झाली होती. एकही आकडा उमटला नव्हता.

"ताई, इथे काहीच नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे नंबर नाही. आरसा आहे. भांग पाडून घ्यावा असा."

 नंबर कुठे गेला, हे तिला त्याच क्षणी कळलं.

तपासणीचे साहेब उठून आले. चष्मा कपाळावर सरकवून, बॅटरी घेऊन ते स्वतः उकिडवे बसले. नंबराच्या जागी त्यांनी बोट फिरवलं, तर ते सरळ घसरत गेलं. उठले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. गाडी कुणाकडून घेतली, हे त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, फोटोवाल्या काकांकडून. मग त्यांनी विचारलं, नंबर कुणी घासला.

गल्लीत तिला पुढून सगळे ताई म्हणत आणि मागून गरम इस्त्री. तिच्या जिभेला लागला नाही असा माणूस त्या गल्लीत नव्हता. पाण्याचा टँकर उशिरा आणणारा, चादरीवर शाईचे डाग पाडून वर हुज्जत घालणारा कंपाउंडर, सख्खा दीर, कुणालाही तिने सोडलं नव्हतं. पण त्या दिवशी तिची जीभ टाळ्याला चिकटली. "विचारून सांगते," एवढंच ती म्हणाली.

साहेबांनी शांतपणे समजावलं, आणि ते शांत होते म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. चोरीची गाडी ओळखू येऊ नये म्हणून चोर सगळ्यात आधी हाच नंबर घासतो. तेव्हा गाडी आता कचेरीच्या अंगणातच राहील. सोमवारी लेखी खुलासा आणायचा, नंबर कुणी घासला, कशासाठी. खुलासा पटला तर पुढचं बघू. नाही पटला तर प्रकरण पोलिसांकडे, आणि कागदात ज्याचं नाव येईल त्याने तिकडे उत्तर द्यायचं. त्यांनी हात पुढे केला. तिने किल्ली दिली.

नंबर तिच्या नवऱ्याने घासला होता.

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध नव्हता. ते पॉलिशमास्तर. स्टीलच्या फर्निचरच्या कारखान्यात त्यांचं अख्खं आयुष्य पॉलिशच्या टेबलापाशी गेलं. इतर माणसं वस्तू डोळ्यांनी बघतात, मास्तर बोटांनी बघायचे. कुठे खरखर लागली की त्यांना चैन पडत नसे. घरात एक रीतच पडली होती. नवी असो, जुनी असो, आलेली वस्तू आधी मास्तरांच्या हाताखालून जायची आणि मग वापरात यायची. नळ, कडी, खुर्चीचे पाय, डब्यांची झाकणं, सगळं गुळगुळीत. तिच्या मोठ्या इस्त्रीचं तापमानाचं बटण त्यांनी एकदा इतकं मन लावून घासलं की त्यावरचे आकडेच गेले. ती तोंड सोडणार तेवढ्यात म्हणाले, तुला कशाला हवेत आकडे, तुझ्या हाताला कळतं की. शेजारणीने कौतुकाने औषधाचं माप उजळायला दिलं होतं. ते चांदीसारखं लखलखीत होऊन परत गेलं, फक्त त्यावरच्या खुणा राहिल्या नाहीत. शेजारणीने पुन्हा घरातला चमचासुद्धा त्यांच्या नजरेला पडू दिला नाही.

मग कारखान्यात पॉलिशचं यंत्र आलं आणि मास्तर घरी आले. तेव्हापासून ते पलंगाच्या कडेला बसून असत. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. ती समोरच्या खोलीत दवाखान्यांच्या चादरी इस्त्री करता करता त्यांच्याकडे बघत असे. ते भांडले असते, रडले असते तर तिने निभावून नेलं असतं. पण दाराच्या बिजागरीवर गंज चढला, दार कुरकुरायला लागलं, तरी मास्तर उठले नाहीत, तेव्हा मात्र ती मनातून हादरली.

धुणं-इस्त्रीचा धंदा तिचाच. छोट्या दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. भाड्याच्या टेंपोने आणायचे, न्यायचे. त्यात मोठ्या प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईंनी तिला बोलावून सांगितलं की आमचं सगळं कापड तुला देते, तुझी घडी मला आवडते. अट एकच. फाटकाचा पास गाडीच्या नावाने निघतो, आणि गाडी तिच्या स्वतःच्या नावावर हवी. भाड्याचा टेंपो आत येणार नाही. मागे एकाने चादरींच्या गाठोड्यातून औषधं बाहेर नेली होती. पहिल्या तारखेला पास दाखव आणि काम सुरू कर, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.

म्हणून तिने फोटोवाल्या काकांची व्हॅन घेतली. काकांना नीट दिसेनासं झालं होतं आणि स्टुडिओ बंद करून ते मुलीकडे राहायला निघाले होते. दीर म्हणाला, वहिनी, नाकापेक्षा मोती जड होतोय. ती म्हणाली, नाक माझं आहे, तुम्ही शिंका देऊ नका. गाडी चालवायला ती आधीच शिकली होती.

गाडी दारात आली आणि मास्तर पलंगावरून उठले. तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकले, खालून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, हिला आतून किती गंज आहे. लाज आहे का कुणाला?" मग माळ्यावरची अवजारांची पेटी खाली आली. वायरचा ब्रश, पॉलिशपेपर, हातातलं ग्राइंडर. त्यापुढे कितीतरी दिवस व्हॅनखालून फक्त मास्तरांची पावलं दिसत. ती चहाचा कप जमिनीवर ठेवायची. आतून काळा हात यायचा आणि कप घेऊन जायचा. एकदा तिला आतून गुणगुण ऐकू आली. हातातली इस्त्री तशीच धरून ती ऐकत राहिली, आणि एका अभ्र्यावर पिवळा डाग पडला. त्याचं तिला काही वाटलं नाही. एक चादरसुद्धा न वाहता गाडीने आपली किंमत वसूल केली, असं तिला वाटून गेलं होतं.

आता किल्लीशिवाय कचेरीच्या फाटकातून बाहेर पडताना तिला ती गुणगुण आठवत होती.

एजंट तिच्या मागोमाग आला. त्याने तिला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसवलं. एजंट वाईट माणूस नव्हता. त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, अडलेले कागद आणि सुटलेले कागद. नंबर कुणी घासला हे त्याने विचारलंच नाही. तो म्हणाला, ताई, सोपं आहे. गाडी घेतली तेव्हाच नंबर असा होता, मला यातलं काही माहीत नव्हतं, एवढं लिहून द्यायचं. बाईमाणूस गाडीखाली कशाला वाकून बघेल, साहेबांना पटेल. गाडी सुटेल. पुढचं काय ते आधीच्या मालकाला विचारतील.

"ते तर गाव सोडून चाललेत," ती म्हणाली.

"म्हणूनच तर. त्यांच्यामागे कोण जातंय एवढ्या लांब?"

"आणि गेलं तर?"

एजंटने चहात बघितलं. "तर त्यांना सांगावं लागेल काहीतरी. म्हातारा माणूस, आंधळा. कोण काय करणार त्यांना?"

समोरच्या टंकलेखकाकडून त्याने तो खुलासा टाइप करून आणला. खाली सहीपुरती जागा रिकामी. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. सही केली नाही, पण नकोही म्हणाली नाही. घरी जाताना तिने स्वतःशी हिशेब मांडला. खरं लिहून द्यावं, तर नवऱ्याचं नाव कागदावर येतं. साहेबांना पटलं नाही तर पोलीस दारात येतील आणि नुकता कुठे पलंगावरून उठलेला माणूस त्यांच्यापुढे जाऊन उभा राहील. त्याहून वाईट म्हणजे, त्यांना कळेल की कित्येक महिन्यांनी जे एक काम मन लावून केलं, त्यानेच घरावर नांगर फिरवला. तो माणूस मग पुन्हा कशाला हात लावणार? आणि खोटं लिहून द्यावं, तर चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे तर चोरही नव्हता, सगळे संन्यासीच होते.

दारात मास्तर वाट बघत उभे होते. गाडी कुठे आहे, हे त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की तपासणी बाकी आहे, गर्दी होती, ठेवून घेतली. ते एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते तिच्या मागे स्वयंपाकघरात आले आणि जरा घुटमळून त्यांनी विचारलं,

"खालून बघितलं का कुणी?"

"बघितलं."

"काय म्हणाले?"

तिने कुकरचं झाकण उगाचच फिरवलं. "आरसा आहे म्हणाले."

मास्तर हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे दात दिसले. हात धुऊन ते पानावर बसले आणि दोनदा वाढून घेतलं.

मधले दिवस तिने गप्प राहून काढले. मेट्रनबाईंचा फोन आला, पासाचं काय. तिने सांगितलं, होतंय. दिराने विचारलं, गाडी दिसत नाही. सर्व्हिसिंगला आहे, म्हणाली. दूधवाल्याने पाणी घातलेलं दूध टाकलं, ती बोलली नाही. मास्तरांनी पॉलिशपेपरचा भुगा तिच्या धुतलेल्या चादरींवर झटकला, तरी ती बोलली नाही. गल्ली चकित झाली. शेजारीण तर विचारून गेली की घसा बसलाय का. मास्तर मात्र दिवसेंदिवस सावध होत चालले. ती खोलीत आली की हातातलं काम खाली ठेवत. तिला ते दिसत होतं, पण तिचा हात दगडाखाली सापडला होता. तोंड उघडलं असतं तर नको तेच बाहेर पडलं असतं.

शनिवारी ती फोटोवाल्या काकांकडे गेली. कशासाठी, हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. पर्समध्ये खुलासा होता. कदाचित तिला फक्त बघायचं होतं की ज्या माणसाच्या गळ्यात हे बांधणार, त्याला ते किती जड होईल.

घरभर खोकी होती. काकू वर्तमानपत्रात काचेचे पेले गुंडाळत होत्या. काका खिडकीपाशी बसून एकेक वस्तू डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन ठरवत होते, न्यायची की टाकायची. आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं आणि पहिलं वाक्य तेच बोलले.

"झाली का गाडी तुमच्या नावावर? तेवढं एक झालं की मी मोकळा. मुलगी म्हणते, बाबा, मागे काही लटकत ठेवू नका."

काकूंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. नुकताच गुंडाळलेला पेला त्यांनी तिच्यासाठी परत सोडला होता. ती तो हातात धरून बसली आणि पाणी न पिताच सगळं सांगून मोकळी झाली. कचेरी, काळी पट्टी, साहेब, मास्तरांचा गंज. टाइप केलेल्या खुलाशाबद्दल मात्र बोलली नाही.

 काकूंचे हात थांबले. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, आणि ती सुरू होत नव्हती. मग काकांनी विचारलं, "यजमानांनी किती घासलीय?"

"सगळी."

"सगळी?"

"दिसेल तेवढी सगळी. कुठे थांबायचं ते त्यांना कळत नाही."

काकांनी काकूंना खोक्यातलं एक जाड पाकीट काढायला सांगितलं. ते नाही, खालचं. त्यात फोटो होते. चाळीस वर्षं हेच करत आलोय, ते म्हणाले, हातातून वस्तू गेली की तिचा फोटो ठेवायचा. कॅमेरा विकला, त्याचा आहे. शिलाई मशीन दिलं, त्याचा आहे. गाडी तुम्हाला द्यायच्या आदल्या दिवशी तिचेही काढले. त्यांनी बोटांनी चाचपून गठ्ठा पुढे केला. समोरून, बाजूने, आतून, इंजिनवरचा नंबर. आणि चासी. तांबूस गंजाच्या पापुद्र्यांत रुतलेले, पण एकेक वाचता येणारे आकडे. कोपऱ्यात तारीख. आणि मागे दिसत होती तिची स्वतःची चप्पल. त्या दिवशी ती गाडी बघायला आली होती.

 आपण त्या खुलाशावर सही केली असती, चौकशी इथवर आली असती, तर या माणसाने भोळेपणाने हाच फोटो पुढे केला असता. गाडी घेतली तेव्हाच नंबर असा होता, असं लिहून देणारी बाई, आणि शेजारी तिचीच चप्पल.

"हे तुमच्याकडेच असू दे," काका म्हणाले. "माझ्याकडून काय लिहून हवं तेही देतो, ही लिहील, मी सही करीन. पण कुणी घासला ते मी सांगून चालणार नाही, आणि तुम्ही सांगूनही चालणार नाही. ज्याने घासला त्याने जाऊन सांगायला हवं."

परतीच्या वाटेवर गटाराच्या जाळीपाशी थांबून तिने तो टाइप केलेला कागद फाडला. तुकडे जाळीत अडकून बसले, तेही तिने चपलेने आत ढकलले.

मास्तर दाराच्या बिजागरीला तेल घालत होते. तिने त्यांना पलंगावर बसवलं, फोटो समोर ठेवला आणि सांगितलं. जमेल तितक्या मऊ आवाजात सांगितलं. आजाऱ्याला औषध द्यावं तसं. मास्तरांनी फोटो उजेडात धरला. अंगठा आकड्यांवरून फिरवला, जणू कागदावरही खड्डे लागतील.

"मला वाटलं खड्डे पडलेत," ते म्हणाले. "गंजाने खाल्लंय असं वाटलं. आकडे आहेत हे मी बघितलंच नाही."

ती म्हणाली, जाऊ दे, होतं असं. कुणाच्याही हातून होतं.

तेव्हा मास्तरांनी वर बघितलं. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. कचेरीत."

"आणि इतके दिवस गप्प बसलीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मास्तर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो पलंगावर बसणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता. "इस्त्रीचे आकडे गेले तेव्हा तू मला आठ दिवस शिव्या घातल्यास. त्या मापावरून शेजारच्यांसमोर माझी अब्रू काढलीस. आणि आता घर पणाला लागलंय तर मऊ मऊ बोलतेस. मी काय काचेचा झालो का गं? मला वाटलं तू मला टाकूनच दिलंस. बोलण्याच्याही लायकीचा राहिलो नाही, असं वाटलं मला."

 तिने त्यांना जपायला म्हणून तोंड मिटलं होतं, आणि ते तिकडे दर दिवशी थोडे थोडे खचत होते. आपल्या तोंडाचा कुणाला आधार असेल, ही कल्पना तिच्या डोक्यात कधी आली नव्हती.

"सोमवारी मी येतो," मास्तर म्हणाले. "पेटी घेऊन येतो."

सोमवारी साहेबांनी काकांचं पत्र वाचलं, फोटो बघितले, इंजिनचा नंबर ताडून घेतला. तो जुळला. तरी त्यांचा चेहरा सैल झाला नाही. फोटो चांगला आहे, ते म्हणाले, पण यावरून एवढंच कळतं की नंबर होता. तो का घालवला, हे यात नाही. मग ते मास्तरांकडे वळले.

"तुम्ही घासलात?"

"हो."

"आकडे दिसले नाहीत?"

"मी आकडे बघत नाही, साहेब. खरखर बघतो."

"कुणी सांगितलं होतं घासायला?"

"कुणी नाही. गंज होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. अशी उत्तरं त्यांनी पुष्कळ ऐकली असतील. शिकवून आणलेला माणूस असाच थोडक्यात बोलतो. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता आणि पेटीची मूठ ते घट्ट धरून होते. तिला वाटलं, आता पुढे होऊन बोलावं, सगळं समजावून सांगावं. तिने ओठ दाबून धरले. काका म्हणाले होते, ज्याने घासला त्यानेच.

साहेबांनी पेटी उघडायला लावली. झिजलेले पेपर, ब्रश, तेलाची बाटली. मग ते सगळ्यांना घेऊन अंगणात गेले आणि मदतनिसाला पुन्हा गाडीखाली पाठवलं. नंबराची जागा सोडून बाकीचं नीट बघ म्हणाले. तो बॅटरी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरपटत गेला. मास्तर त्याच्या पावलांकडे बघत होते. ती मास्तरांकडे बघत होती. बराच वेळ फक्त बॅटरीचा उजेड इकडून तिकडे हलताना दिसला.

"साहेब," खालून आवाज आला, "स्टेपनीचा पिंजरासुद्धा घासलाय. सायलेन्सरच्या पट्ट्या घासल्यात. इथे एक नट आहे, त्याचे सहाही पैलू घासलेत. चोर नंबरापुरतं घासतो, साहेब. हे चोराचं काम नाही. हे वेड आहे."

रांगेतली माणसं हसली. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि मास्तरांचा जबाब स्वतः लिहून घ्यायला बसले.

एवढ्याने सगळं मिटलं नाही. गाडी चोरीला गेल्याची नोंद कुठे नाही, असा पोलिसांचा दाखला आणावा लागला. मग नंबर पुन्हा ठोकण्याचा हुकूम निघायला वेळ गेला. त्यात पहिली तारीख उलटली. तिने मेट्रनबाईंकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी थांबू शकत नाही, बाळंतिणी थांबत नाहीत. अर्धं काम त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकलं. उरलेलं अर्धं तिच्यासाठी ठेवलं, पास मिळाला की सुरू कर म्हणाल्या. घरी येताना तिला ते अर्धं गेलेलंच दिसत राहिलं.

नंबर ठोकायच्या दिवशी दोघंही गेली. ठोकणाऱ्या फिटरने जागा साफ करायला म्हणून कानस काढली, खाली वाकून बघितलं आणि कानस परत ठेवून दिली. मग एकेक आकड्याचा पंच लावून तो हातोडा घालत गेला. प्रत्येक घावाला मास्तरांचा खांदा दचकत होता. शेवटचा आकडा बसला. मदतनिसाने कागद धरला, पेन्सिल घासली, आणि काळ्या पट्टीवर सगळे आकडे पांढरे उमटले. साहेबांनी पट्टी फाइलला चिकटवली, शिक्का मारला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

मास्तर अजून गाडीखाली वाकून बघत होते. "पंचाच्या कडा वर आल्यात," ते हळूच म्हणाले. "हाताला टोचतील कुणाच्या. जरासा हात फिरवू का? वरवर?" आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशातून पॉलिशपेपरचं टोक डोकावत होतं.

तिने तो हात मनगटापाशी धरला.

मग तिने तोंड सोडलं. कचेरीच्या अंगणात, साहेबांसमोर, रांगेसमोर. पॉलिशपेपरपासून सुरुवात केली आणि इस्त्रीच्या बटणावर, तिथून शेजारणीच्या मापावर गेली. पाणी घातलेलं दूध, चादरींवरचा भुगा, गेलेलं अर्धं काम, त्या दिवसांत जे जे गिळलं होतं ते सगळं एकेक करून बाहेर काढलं. गाडी सुरू करताना बोलत होती, फाटकातून वळवताना बोलत होती. त्या नंबरापासून हातभर अंतरावर जरी दिसलात तर पेटीसकट विकून टाकीन, म्हणाली. सिग्नलला शेजारच्या मोटारीतला माणूस काच खाली करून बघायला लागला, तर त्यालाही तिने दोन शब्द ऐकवले.

मास्तर शेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर, पेटी पायांशी. मध्येच त्यांनी एकदा "हो" म्हटलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी पाठ सीटला पूर्ण टेकवली, आणि ती दम घ्यायला थांबली तेव्हा खिडकीबाहेर बघत हळूच गुणगुणायला लागले.